नऊ एमएमच्या पिस्तुलात पॉइंट टू टू

दिवाळीच्या आदल्या रविवारी अमेरिकेतल्या फिनिक्सहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. इकडे पुण्यात सहकारनगरात ताईच्या ओट्यावर करंज्या तळणं चाललं होतं आणि तिकडे हा एक काळा प्लास्टिकचा डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरत होता. "मामा, बघ. .२२ चं कन्व्हर्जन किट. उन्हाळ्यात येईन तेव्हा तुझ्यासाठी एक आणू का?"

"अजिबात आणू नकोस," मी इतक्या जोरात ओरडलो की ताईच्या हातातला झारा कढईत पडता पडता राहिला.

मग अर्धा तास तिची समजूत काढण्यात गेला. किट म्हणजे काय (९ एमएमच्या पिस्तुलातून .२२ ची छोटी, स्वस्त काडतुसं उडवता यावीत म्हणून बसवायच्या सुट्या भागांचा संच; दोन्ही आकडे नळीची मापं, एक मिलिमीटरमध्ये, दुसरं इंचात), ते कशाला लागतं आणि ते बॅगेत घालून आणलं तर तिच्या लेकाला मुंबईच्या विमानतळावर कोण बसवून ठेवेल. ताईला यंत्रांत रस नाही, पण प्रश्न मात्र नेमके विचारते. आमचे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ सालचा तो कारखाना. त्यामुळे 'पुंगळी' आणि 'काडतूस' हे शब्द आम्हा भावंडांना पोलिसी बातम्यांच्या आधीपासून माहीत. पुढे जे लिहिलंय ते बरंचसं त्या अर्ध्या तासाचं आहे. बाकीचं जानेवारीत आम्ही दोघं फिनिक्सला गेलो तेव्हाचं, कारण तेव्हा मी ते किट स्वतः चालवून पाहिलं. मी भोसरीच्या टूलरूममधला माणूस, आणि गेली अकरा वर्षं बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर .२२ चं पिस्तूल चालवतो. पदक एकही नाही. काडतुसं मात्र भरपूर उडवली आहेत.

आधी पिस्तुलाचं सांगतो. भाच्याकडे आहे ९ एमएमचं सीझेड ७५. फ्रांतिशेक कोउत्स्की नावाच्या डिझायनरने चेकोस्लोव्हाकियात १९७५ साली तयार केलेलं, सगळं पोलादाचं, साधारण किलोभर वजनाचं. त्याचं पिस्तूल 'सरप्लस' आहे. म्हणजे कुठल्याशा पोलीस खात्याने वर्षानुवर्षं वापरलं, नवं मॉडेल आल्यावर जुनी सगळी एकगठ्ठा विकून टाकली आणि व्यापाऱ्यांमार्फत ती दुकानात आली. पुण्यात याला आपण डिस्पोजलचा माल म्हणतो. जुन्या बाजारात लष्करी बूट मिळतात, पाठीवरच्या पिशव्या मिळतात, फक्त तिथे पिस्तूल मिळत नाही. अशा मालाची गंमत ही की बाहेरचा रंग उडालेला असतो, कमरेच्या म्यानात घासून कडा चांदीसारख्या पांढऱ्या झालेल्या असतात, पण आतलं यंत्र धडधाकट. पोलिसांचं पिस्तूल कमरेला जन्मभर फिरतं, उडतं क्वचितच.

पिस्तूल स्वस्तात मिळालं, खर्च गोळ्यांचा. भाच्याला ९ एमएमची एक गोळी साधारण २५ सेंटला पडते, .२२ ची ८ सेंटला. शनिवारी दोनशे उडवल्या तर फरक चौतीस डॉलरचा. किट ४०० डॉलरचं. त्याने लगेच एक्सेल उघडून सांगितलं की सुमारे २,३५० गोळ्यांनंतर किट फुकट. ताई म्हणाली, "म्हणजे जितकं जास्त उडवशील तितकी बचत जास्त, असंच ना?" साड्यांच्या सेलबद्दल तिचं मत असंच आहे.

आता खरा प्रश्न. नळी बदलली, लहान गोळी घातली की झालं, असं का नाही?

कुठल्याही काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी शिशाची गोळी, आणि बुडाशी ठोका बसताच पेट घेणारं स्फोटक. शेवटचा भाग समजायला दिवाळीची टिकली आठवा. दगडाने ठेचली की फट्. तसंच द्रव्य काडतुसात असतं, फक्त कितीतरी जोरकस. ते कुठे ठेवलंय यावरून काडतुसांच्या दोन जाती पडतात.

९ एमएमच्या बुडाला मधोमध एक छोटी वाटी बसवलेली असते आणि टिकली त्या वाटीत. चाप ओढला की पिस्तुलातली पिन नेमकी मध्यावर आदळते. हे सेंटरफायर. .२२ मध्ये अशी वेगळी वाटीच नसते. स्टीलच्या पातेल्याचा काठ बाहेर वळवलेला असतो ना, ज्यात घासल्यावर साबणाचं पाणी अडकून राहतं आणि पातेलं उपडं केल्यावर ओट्यावर टपटपतं? .२२ च्या पुंगळीच्या बुडाला तसाच वळवलेला पोकळ काठ असतो आणि टिकलीचं द्रव्य त्या काठाच्या आत भरलेलं असतं. पिन मध्यावर आदळून उपयोग नाही, ती काठावरच आदळायला हवी. काठ चेमटतो, आतलं द्रव्य चिरडतं, पेटतं. हे रिमफायर.

ते काठात भरतात कसं, हे मला फार आवडतं. ओल्या लगद्याचा एक ठिपका पुंगळीत टाकतात आणि पुंगळी गरगर फिरवतात. वॉशिंग मशीनमध्ये कपडे जसे ड्रमच्या भिंतीला चिकटतात तसा लगदा काठात जाऊन बसतो. बहुतेक वेळा सगळीकडे सारखा. कधीतरी एखाद्या जागी पातळ राहतो. ही 'कधीतरी' लक्षात ठेवा, पुढे तिची भेट होणार आहे.

काठ पिनेने चेमटायला हवा म्हणजे पितळ पातळ आणि मऊच हवं. आणि पितळ पातळ म्हणजे आतला दाब मर्यादितच ठेवावा लागतो. अमेरिकी मानकांत .२२ लाँग रायफल या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा २४,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, ९ एमएमला ३५,०००. ही .२२ लाँग रायफल आली १८८७ साली, म्हणजे आपल्या ओळखीच्या जवळजवळ सगळ्या पिस्तुलांच्या आधी. तिच्या गोळीची घडण अजूनही त्या काळचीच आहे. गोळी पुंगळीइतकीच जाड, तिची फक्त टाच बारीक करून आत खोचलेली, आणि बाहेरून वंगणासाठी मेण. दिवसभर .२२ चालवली की बोटं मेणकट होतात. खिशातल्या रुमालालाही तोच वास.

आता धक्का. टूलरूममध्ये आम्ही कुठलीही गोष्ट आकड्यांशिवाय मानत नाही, म्हणून ताईच्या किराणा यादीच्या पाठीमागे मी हिशेब मांडला. ९ एमएमची गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ३५० मीटर. .२२ ची २.६ ग्रॅमची, पिस्तुलातून वेग साधारण ३०० मीटर. वजन गुणिले वेग केलं तर एकीकडे २,८००, दुसरीकडे ७८०. पुढे जाणाऱ्या गोळीचा जो जोर, तोच मागे पिस्तुलाला मिळतो. म्हणजे .२२ चा धक्का साडेतीन पटींनी कमी.

सगळी अडचण या साडेतीन पटींत आहे, आणि किटमधला प्रत्येक भाग तीच अडचण सोडवायला बनलेला आहे.

कारण सेल्फ-लोडिंग पिस्तूल धक्क्यावर चालतं. गोळी सुटली की वरचा स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, घोडा (पिनेवर आदळणारी मागची हातोडी) ताणतो, स्प्रिंगमुळे पुढे येताना मुठीतल्या मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या डबीतून, नवं काडतूस उचलून नळीत सारतो. एवढी कामं करायला जो जोर लागतो तो सगळा त्या एका धक्क्यातून येतो. सोसायटीचं चाकांवरचं लोखंडी फाटक डोळ्यांसमोर आणा. वॉचमन एका हाताने ढकलतो. तेच चार वर्षांच्या पोराने ढकललं तर फाटक कुरकुरतं आणि तिथेच राहतं. ९ एमएमचा पोलादी स्लाइड हे वॉचमनसाठी केलेलं फाटक आहे. .२२ हे पोर.

शिवाय ९ एमएमच्या फाटकाला कडी असते. दाब जास्त म्हणून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मागचं तोंड उघडून चालत नाही. कुकरचं झाकण वाफ जाईपर्यंत उघडायचं नाही, तसंच. म्हणून सीझेड ७५ मध्ये नळी आणि स्लाइड दातांनी एकमेकांत अडकलेले असतात. दोघं मिळून थोडे मागे सरकतात, मग नळीची मागची बाजू खाली झुकते, दात सुटतात आणि स्लाइड एकटा पुढचा प्रवास करतो. .२२ ला ही कडीच लागत नाही. दाब कमी, पुंगळी लहान. तिच्या मागे पुरेसं वजन आणि एक स्प्रिंग एवढं असलं की दाब उतरेपर्यंत ती जागची फारशी हलत नाही. कडी नाही म्हणजे नळी झुकायचंही कारण नाही, ती पक्की बसवून टाकता येते.

भाच्याच्या डब्यात म्हणून काय होतं? खालच्या सांगाड्यावर पक्की बसणारी एक नळी, तिच्यासोबतच स्थिर राहणारा पुढचा भाग, आणि मागे सरकणारा अगदी छोटा, हलका तुकडा. पोराला ढकलता येईल असं फाटक. त्याच्या आतली पिन मध्यावर नाही, काठावर आदळेल अशी बसवलेली. एक मऊ स्प्रिंग. आणि वेगळं मॅगझिन. बाहेरून ९ एमएमच्या मॅगझिनएवढंच, कारण मुठीची पोकळी तेवढी आहे, पण आत काडतुसांसाठी एक अरुंद वाट. जुन्या पिस्तुलातलं तसंच राहतं ते म्हणजे सांगाडा, मूठ, चाप, सेफ्टी आणि घोडा.

घोड्याशी ही सगळी हुशारी अडते. त्याची स्प्रिंग कडक असते, कारण सरकारी काडतुसाच्या टिकलीची वाटी कडक असते आणि ठोका दणदणीत बसावा लागतो. किटमध्ये घोडा तोच राहतो. म्हणजे बिचाऱ्या .२२ ला हलका स्लाइड मिळाला तरी मागे जाताना घोडा मात्र मोठ्यांचाच ताणावा लागतो. ही अडचण नवी नाही. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९३१ साली आपल्या .४५ च्या पिस्तुलाचं .२२ रूप काढलं, नाव 'एस'. स्लाइड हलका केला होता. तरी धक्का इतका नाजूक की .४५ चा सराव झाल्यासारखं वाटेना. मग डेव्हिड मार्शल विल्यम्स नावाच्या माणसाची युक्ती घेतली. नळीचा मागचा भाग, ज्यात काडतूस बसतं, तोच सुटा ठेवायचा. गोळी सुटली की वायूचा दाब या सुट्या तुकड्यालाही मागे रेटतो आणि तो स्लाइडला ढुशी देतो, त्यामुळे छोट्या काडतुसाचा धक्का मोठा होतो. हा विल्यम्स खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेला; तुरुंगाच्या वर्कशॉपमध्ये बंदुकांवर काम करत शिकला आणि १९२९ साली सुटला. अमेरिकी लष्कराने सरावासाठी ती पिस्तुलं घेतलीही. फक्त त्या सुट्या तुकड्याभोवती शिसं आणि मेण साचायचं, त्यामुळे साफसफाईची कटकट जन्माची. आजची बहुतेक किटं या भानगडीत पडत नाहीत. धक्का कमी तर कमी.

आता जानेवारी. भाच्याने आम्हाला आधी एका दुकानात नेऊन माझ्या नावाने शिकारीचा परवाना काढला. मी म्हटलं, बाबा रे, मी आयुष्यात ससासुद्धा मारलेला नाही. पण तिथल्या केंद्रीय कायद्याने पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक हातात घ्यायची बंदी आहे, आणि त्यातून सुटायचे जे मोजके रस्ते आहेत त्यातला एक म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना. तो खिशात ठेवून आम्ही पहाटे रेंजवर. वाळवंटातली थंडी, समोर मातीचा बांध, कानांवर मफ्स. ताई मागच्या बाकावर थर्मास घेऊन.

किट बसवायला मिनिटही लागलं नाही. मॅगझिन काढायचं, नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीनेही तपासायचं, आडवी खिट्टी काढायची, जुना वरचा भाग पुढे ओढून काढायचा, नवा त्याच खाचांत सरकवायचा, खिट्टी परत.

माझ्या सांगण्यावरून तीन प्रकारच्या गोळ्या आणल्या होत्या. एक पाचशेचा स्वस्तातला डबा, ज्यात गोळ्या सुट्या, चणे-फुटाण्यांसारख्या. दुसरी जास्त वेगाची, गोळीवर तांब्याचा पातळ मुलामा. तिसरी माझ्या आवडीची, स्पर्धेची, सावकाश जाणारी आणि महाग. मनात पैज होती की माझीच जिंकणार. बालेवाडीला माझ्या पिस्तुलात ती लोण्यासारखी चालते.

ती पहिल्याच मॅगझिनला हरली. गोळी कागदावर नेमकी लागली, पण स्लाइड अर्ध्यातूनच परत फिरला. पुंगळी बाहेर पडली, नवं काडतूस मात्र उचललंच गेलं नाही. तिसऱ्या वेळी तर पुंगळीसुद्धा पूर्ण बाहेर न पडता पिस्तुलाच्या पुंगळी फेकायच्या खिडकीत उभी अडकली. कारण तुम्हाला आता माहीत आहे: घोडा. माझ्या स्पर्धेच्या पिस्तुलाचं सगळं यंत्र जन्मापासून .२२ साठीच केलेलं, त्यामुळे तिथे सावकाश गोळीही पुरते. इथे पोलिसी घोडा ताणायला तिचा जोर अपुरा. जास्त वेगाच्या मुलाम्याच्या गोळ्या घातल्या, तर पन्नासच्या पन्नास शिवणयंत्रासारख्या गेल्या. किट घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं म्हणूनच हे की पहिले दोन-तीनशे राउंड, म्हणजे काडतुसं, नेमासाठी नाहीत, ते फक्त कुठली गोळी चालते हे शोधण्यासाठी. दर मॅगझिनला अडथळे वहीत लिहायचे. भाच्याने अर्थातच फोनमध्ये लिहिले.

स्वस्तातल्या डब्यात ती 'कधीतरी' भेटली. चाप ओढला, घोडा पडल्याचा टक् आवाज, आणि पुढे शांतता. अशा वेळी पिस्तूल समोरच रोखून धरायचं आणि मनात तीसपर्यंत मोजायचं, कारण एखादं काडतूस उशिरा पेट घेतं. मोजलं. मग काडतूस काढून तळहातावर घेतलं. बुडाच्या काठावर पिनेची खूण स्पष्ट होती: छिन्नीने मारावी तशी छोटी, चौकोनी, खोल. म्हणजे ठोका नीट बसला होता, त्या जागी काठाच्या आत द्रव्य नव्हतं. रेंजवरच्या अधिकाऱ्याला दाखवलं, त्याने मान हलवली, आणि मी तेच काडतूस अर्धं फिरवून परत नळीत घातलं. खूण खाली, कोरा काठ वर. चाप ओढला. फट्.

"मामा, ही काय जादू?"

पुंगळी उचलून त्याला दिली. काठावर समोरासमोर दोन खुणा, एक वांझ, एक फळलेली. ९ एमएमच्या फुसक्या काडतुसाला अशी दुसरी बाजू नसते. त्याची टिकली एकच, मधोमध.

एक गोष्ट मात्र फुसक्या काडतुसापेक्षा घातक. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, 'फट्'ऐवजी 'फुस्', तर ताबडतोब थांबायचं आणि पिस्तूल रिकामं करून नळी आरपार मोकळी दिसते का ते बघायचं. दारू कमी पडून गोळी नळीतच अडकली असेल आणि मागून दुसरी सोडली, तर नळी फुगते. .२२ चा आवाज आधीच लहान, त्यामुळे हा फरक कानाला पटकन कळत नाही. भरभर चाप ओढायच्या नादात तर नाहीच.

मॅगझिन भरण्यातही खोच आहे. .२२ चा काठ पुंगळीच्या बाहेर आलेला असतो. वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठापुढे बसला तर ठीक, मागे गेला तर दोघं एकमेकांत अडकतात आणि वरचं पुढे सरकतच नाही. ९ एमएमला हा त्रास नाही, तिचा काठ अंगाबाहेर येत नाही. भाचा मॅगझिनच्या बाजूचं बटण अंगठ्याने पार तळापर्यंत ओढून काडतुसं वरून टाकत होता, घाईघाईने, पिगी बँकेत नाणी टाकावीत तशी. आत ती आडवीतिडवी पडली आणि तिसऱ्याला गाडी अडली. बटण एका काडतुसापुरतंच खाली घ्यायचं, एकेक बसवायचं. ताईने हे दुरून पाहिलं आणि पुढचं मॅगझिन तिने भरलं. त्यानंतर तो अडथळा आला नाही. करंज्या घालणाऱ्या हाताला हे जमणारच.

चालवायला कसं वाटलं? पहिल्या गोळीला मला हसू आलं. हातात किलोभर पोलाद, आणि धक्का बोटाने टिचकी मारल्यासारखा. नळी स्थिर असल्याने वरची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, जेमतेम थरथरते. दहा पावलांवर दहा गोळ्या आमटीच्या वाटीएवढ्या जागेत बसल्या. मग किट काढून ९ एमएम घातली, तर माझ्या त्याच दहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या पसरल्या, आणि बहुतेक खाली डावीकडे. उजव्या हाताने चालवणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे गेल्या तर बहुतेक वेळा कारण एकच: आवाज आणि धक्का येणार या धास्तीने हात चाप ओढतानाच पिस्तुलाला खाली दाबतो. मेंदूच्या आधी मनगट घाबरतं. अकरा वर्षं .२२ चालवून माझं मनगट लाडावलेलं आहे, हे त्या कागदावर दिसलं.

किटची मर्यादा इथेच आहे. नेम धरणं, साइट जुळवणं, चाप सरळ आणि सावकाश ओढणं, मॅगझिन बदलणं, सेफ्टी हाताळणं, हे सगळं त्याच मुठीवर, त्याच चापावर, स्वस्तात शिकता येतं. आणि ते थोडं नाही. हाताला मूठ ओळखीची होण्यातच निम्मं पिस्तूल असतं. धक्का सोसायला मात्र ते शिकवूच शकत नाही, कारण धक्का काढून टाकला म्हणून तर ते चालतं. भाच्याला मी प्रमाण ठरवून दिलं: चार मॅगझिन .२२ ची, मग एक ९ एमएमचं, आणि शेवट नेहमी ९ एमएमने.

रात्री त्याच्या दिवाणखान्यात दुसरी चूक पकडली. टीव्हीसमोर बसून, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, तो नुसता चाप ओढायचा सराव करत होता. किट बसवलेलंच. रिकामा चाप ओढणं हा उत्तम सराव आहे, मीही घरी करतो. पण सेंटरफायरमध्ये पिन मधल्या पोकळीत जाते आणि कशालाच लागत नाही. रिमफायरमध्ये काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती थेट नळीच्या तोंडाच्या कडेवर आदळते. शेकडो ठोक्यांनी तिथे खड्डा पडतो, पोलादाची कोर आत येते आणि पुंगळ्या अडकायला लागतात. मग ती नळी दुरुस्तीला आमच्यासारख्यांकडे. त्यासाठी प्लास्टिकची खोटी काडतुसं मिळतात, ती घालायची. नाहीतर सरळ किट काढून ठेवायचं.

राहिला ताईचा पहिला प्रश्न, विमानतळाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पिस्तूल म्हणजे नंबर कोरलेला सांगाडा. वरची नळी, स्लाइड, स्प्रिंग हे नुसते सुटे भाग, स्कूटरच्या सायलेन्सरसारखे. म्हणूनच भाच्याला किट कुरिअरने घरपोच आलं. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग येतात. नळी हेही शस्त्र. परवान्याशिवाय बॅगेतून आणलेली नळी आणि बॅगेतून आणलेलं पिस्तूल यांत मुंबईचा कस्टमवाला फार फरक करणार नाही. शिवाय किट बसवायचं कशावर? लष्करी ९ एमएम काडतूस चालेल असं पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापांत, मोडतं, केंद्राच्या खास परवानगीशिवाय सामान्य माणसाला मिळत नाही. आपल्याकडे परवान्यावर जिकडेतिकडे .३२ दिसतं, त्यामागे हेच. २०१९ च्या दुरुस्तीने एक कलम आणखी घट्ट केलं: एका वर्गातलं शस्त्र परवान्याशिवाय दुसऱ्या वर्गात बदलणं हाही गुन्हा. त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा राहिली. त्यातून नेमबाज खेळाडूंना सूट आहे.

गंमत म्हणजे हीच कल्पना बालेवाडीच्या २५ मीटर रेंजवर राजरोस दिसते. पुरुषांच्या सेंटरफायर पिस्तूल स्पर्धेत .३२ चालवतात, स्टँडर्ड पिस्तुलात .२२. दोन्ही खेळणाऱ्याला मूठ आणि चाप एकच हवा असतो. म्हणून जर्मन वॉल्थर जीएसपीसारखी पिस्तुलं अशी केलेली असतात की खालचा भाग तोच ठेवून वरचा .३२ चा काढावा आणि .२२ चा बसवावा. जिचा चाप लाखभर वेळा ओढलाय तीच मूठ दोन्ही खेळांत हातात राहते. किटवाल्यांनी ही युक्ती पैसे वाचवायला वापरली, खेळाडूंनी हात न बदलायला.

आणि .२२ ला पोर म्हणालो ते फक्त फाटकापुरतं. बालेवाडीला सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं ते याच १८८७ च्या काडतुसावर. ते जीवघेणं आहे, दीड किलोमीटर जाऊ शकतं. लहान आवाजाला फसून लोक हेच विसरतात.

निघायच्या दिवशी भाच्याने ती दोन खुणांची पुंगळी माझ्या हातात ठेवली. आठवण म्हणून. मी ती त्याच्या खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ठेवून आलो. विमानतळावर पुंगळीबद्दल खुलासे देत बसायचं माझं वय नाही.

गेल्या रविवारी त्याचा फोन. किटमधून बाराशे झाल्या, एक्सेल निम्म्यावर आलंय. मग जरा पडलेल्या आवाजात कागदाचा फोटो पाठवला. दीड महिना नुसतीच .२२ चालवली होती, मी ठरवून दिलेलं शेवटचं ९ एमएमचं मॅगझिन रोज 'पुढच्या वेळी' म्हणत. परवा घातलं. दहापैकी आठ खाली डावीकडे.

"ताईला फोन दे," मी म्हटलं. ताई तेव्हा त्याच्याकडेच होती. तिला सांगितलं, पुढच्या शनिवारी ९ एमएमचं मॅगझिन तू भर. मधेच दोन प्लास्टिकची खोटी काडतुसं घाल, कितवी ते त्याला सांगू नकोस. खोट्या काडतुसावर चाप ओढला की पिस्तुलाचं तोंड खाली जातं का, तेवढं फक्त बघ.

"आणि गेलं तर?"

"तर काही बोलू नकोस. त्याला दिसेलच."